वाचकांचे प्रश्न : वायर, तीन रेकॉर्ड आणि त्यांच्या मागून आलेले सगळे

गेल्या अंकात लंडनच्या पंकबद्दल लिहिताना मी वायर या बँडला एका परिच्छेदात उरकलं होतं. एवढंच लिहिलं होतं की १९७७ ते १९७९ मध्ये त्यांनी तीन अल्बम काढले, ते फारसे खपले नाहीत, पण पुढच्या चाळीस वर्षांतल्या कितीतरी गिटार बँडांनी त्यातून काही ना काही उचललं. त्यावर बरेच प्रश्न आले, काही कुतूहलाचे, काही चक्क भांडणाचे, म्हणून या वेळचं सदर अख्खं वायरलाच देतेय.

प्रश्न : पंक म्हणजे तीन कॉर्ड, आरडाओरडा आणि फाटके कपडे असंच आम्ही समजत होतो. मग हे 'आर्ट-पंक' काय? वायरमध्ये आर्ट नेमकं दिसतं कुठे?
(पुण्याहून, कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवणारी एक वाचक)

आधी माणसं बघ, म्हणजे अर्धं उत्तर तिथेच मिळेल. ऑक्टोबर १९७६ मध्ये हा बँड जमला तेव्हा त्यातला ब्रूस गिल्बर्ट तिशीचा होता, म्हणजे त्या वेळच्या पंकवाल्यांच्या हिशोबात काकाच. तो लंडनजवळच्या वॉटफर्डच्या आर्ट कॉलेजात ऑडिओ-व्हिज्युअल टेक्निशियन होता, टेपरेकॉर्डर, प्रोजेक्टर सगळं त्याच्या ताब्यात, आणि कॉलेज सुटल्यावर तो त्या टेपांवर आवाजांचे प्रयोग करत बसायचा. कॉलिन न्यूमन त्याच कॉलेजचा विद्यार्थी. तिथे पीटर श्मिट हा चित्रकार शिकवायचा आणि ब्रायन ईनो हा संगीतकार पाहुणा म्हणून यायचा. या दोघांनी मिळून १९७५ मध्ये पत्त्यांचा एक संच काढला होता, काम अडलं की त्यातला एक पत्ता ओढायचा आणि त्यावर जी सूचना असेल ती मुकाट्याने पाळायची. म्हणजे गाणं फक्त आतून उफाळून येतं असं नाही, एखादा नियम घालून घेऊनही ते बनवता येतं, हा विचार त्या कॉलेजच्या हवेतच होता. बेसवर ग्रॅहम लुइस, तो कपडे आणि टेक्स्टाइल डिझाइन शिकलेला, आणि ड्रमवर रॉबर्ट गोटोबेड, जो ड्रम वाजवायला नुकताच शिकत होता. खरं सांगायचं तर वाजवण्यात चौघांपैकी कोणीच तयार नव्हतं.

सुरुवातीला बँडमध्ये पाचवा माणूस होता, जॉर्ज गिल, गिटार जोरात वाजवणारा, सोलो घेणारा, गाणी पण बरीचशी त्याचीच. मग त्याचा पाय मोडला आणि तो नसताना बाकीचे चौघं तालमीला बसले. सोलो गेले, मधला गोंगाट गेला, आणि त्यांच्या लक्षात आलं की गाणी एकदम धारदार झालीत. गिलला त्यांनी काढलं आणि मग काढतच सुटले. सोलो नको, सजावट नको, शेवटी कोरस पुन्हा पुन्हा घोळवायचा नाही, अमेरिकन ढंगात गायचं नाही, शब्द संपले की गाणं थांबवायचं. हे त्यांचे नियम होते आणि त्यांनी ते खरंच पाळले. आर्ट म्हणतात ते इथे आहे. मेकअप, धूर, अवघड शब्द यात नाही, तर गाण्यातलं काय काय काढून टाकलं तरी ते उभं राहतं हे शोधत बसण्यात आहे.

त्यांचा पहिला अल्बम 'पिंक फ्लॅग', त्याचं कव्हर एकदा नीट बघ. बँड प्लिमथला गेला असताना समुद्राकाठच्या मोकळ्या जागेत एक रिकामा ध्वजस्तंभ दिसला, त्याचा फोटो काढला, आणि गुलाबी झेंडा नंतर रंगवून त्यात घातला. बँडचा एकही चेहरा नाही, भडक अक्षरं नाहीत, वर आकाश, खाली जमीन आणि मध्ये तो झेंडा. १९७७ सालच्या बाकीच्या पंक कव्हरांच्या ढिगात हे ठेवलंस तर ते कुठल्या वेगळ्याच ठिकाणाहून आलंय असं वाटतं.

प्रश्न : तुम्ही लिहिलं म्हणून पिंक फ्लॅग ऐकला. २१ गाणी ३५ मिनिटांत! निम्मी गाणी सुरू होतायत तोवर संपतात. याला अर्धवट काम म्हणायचं नाही का?
(कोल्हापूरहून एक वाचक)

नाही म्हणायचं, आणि का ते सांगते, कारण हा आक्षेप १९७७ पासून येतोय.

तुम्ही म्हणता ती गाणी अर्धवट असती तर त्यात काहीतरी राहून गेल्याची चुटपुट लागली असती. 'फील्ड डे फॉर द संडेज' २८ सेकंदांचं आहे, रविवारच्या चटपटीत वर्तमानपत्रांबद्दल, लोकांच्या खासगी भानगडी छापणाऱ्या. त्याला अजून एक कडवं जोडलं तर त्यात तुम्ही काय घालाल? विषय सांगून झाला, राग दाखवून झाला. आता त्याच अल्बमचं पहिलं गाणं घ्या, 'रॉयटर्स'. पंक अल्बम म्हणजे पहिल्याच सेकंदाला धडाडधूम अशी तेव्हाची पद्धत, आणि हे लोक संथ, जड पावलांनी सुरुवात करतात, कुठल्यातरी पेटलेल्या देशातून एक बातमीदार तारेवर बातमी पाठवतोय, परिस्थिती बिघडत चाललीय, आणि ते तीन मिनिटं चालतं, कारण त्या गाण्याला तेवढा वेळ लागतो. 'स्ट्रेंज' तर जवळपास चार मिनिटांचं. म्हणजे आखूड गाणी करायचा हट्ट नव्हता हो, प्रत्येक गाण्याला त्याच्या मापाचाच वेळ द्यायचा हा हट्ट होता.

'थ्री गर्ल रम्बा' हेडफोन लावून ऐका. एकटी गिटार सुरू होते, खडखडीत, मधे मधे थांबणारी, आणि त्या थांब्यांमध्येच खरी मजा आहे, आपलं डोकं पुढचा ठोका आधीच वाजवून बसतं आणि मग तो येतो. दीड मिनिटाच्या आत सगळं आटोपतं. दुसरा कुठला बँड असता तर या एका रिफवर, म्हणजे गिटारच्या या छोट्या तुकड्यावर, चार मिनिटं काढली असती, वर सोलो पण घातला असता, आणि दुसऱ्या मिनिटाला आपल्याला त्या रिफचा कंटाळा आला असता.

नियमांबद्दल वर लिहिलंय त्याचं एक गोड उदाहरण याच अल्बमवर आहे, '१०६ बीट्स दॅट'. लुइसने गाण्याचे शब्द बरोब्बर शंभर सिलॅबलमध्ये बसवायचं ठरवलं होतं आणि भरले एकशे सहा. आकडा चुकला म्हणून त्याने गाणं टाकून दिलं नाही, तोच आकडा नावात घातला. एकदा एवढं करा, 'मॅनेकिन' आणि 'फ्रॅजाइल' लागोपाठ ऐका. दोन्ही चक्क गोड चालीची पॉप गाणी आहेत, आणि ती त्याच रेकॉर्डवर 'वन टू एक्स यू' सारख्या दणक्याच्या शेजारी बसलीत. मला तरी त्या वर्षातला एवढा भरगच्च अल्बम दुसरा माहीत नाही.

प्रश्न : आमची टोमॅटोची शेती. मुलगा म्हणतो या बँडचं पानं पोखरणाऱ्या अळीवर गाणं आहे. माझा विश्वास बसत नाही. आणि बँड एवढा चांगला होता तर गाजला का नाही?
(नाशिक जिल्ह्यातून एक वाचक)

मुलगा अगदी बरोबर सांगतोय. गाण्याचं नाव 'आउटडोअर मायनर', १९७८ च्या 'चेअर्स मिसिंग' या दुसऱ्या अल्बमवरचं, आणि ते तुमच्या ओळखीच्या नागअळीवरच आहे. टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसतात ना, माशी पानात अंडं घालते, त्यातून अळी निघते आणि पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्याच्या मधे राहून हिरवा गर खात पुढे सरकते, मागे बोगदा सोडत. लुइसने ते सगळं खाणीच्या भाषेत लिहिलंय, पान म्हणजे खाण, अळी म्हणजे खाणीत राबणारा कामगार, आणि वरचं छत कधीही कोसळेल असं. आणि चाल? चाल एवढी सुंदर की शब्द कशावर आहेत याचा पत्ता लागत नाही, उन्हाळ्यातल्या दुपारी रेडिओवर लागावी अशी. एका किडीच्या आयुष्याकडे एवढ्या मायेने बघणारं गाणं मी रॉक संगीतात दुसरं ऐकलेलं नाही. याच अल्बमवर 'आय अ‍ॅम द फ्लाय' आहे, त्यात तर गाणाराच माशी झालाय.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण याच गाण्यात आहे. ईएमआय ही मोठी रेकॉर्ड कंपनी, तिचं हार्वेस्ट नावाचं लेबल, पिंक फ्लॉइड ज्यावर होते तेच. माइक थॉर्न हा ईएमआयचा तरुण माणूस एप्रिल १९७७ मध्ये कॉव्हेंट गार्डनच्या रॉक्सी क्लबात पंक बँडांचं लाइव्ह रेकॉर्डिंग करत होता, तिथे त्याने वायर ऐकले. चौघांचे ते अगदी सुरुवातीचे शो. त्याच वर्षी करार झाला आणि तिन्ही अल्बमचा प्रोड्युसर थॉर्नच राहिला. दुसऱ्या अल्बमपासून त्याने सिंथेसायझर पण आणले. 'आउटडोअर मायनर' मूळचं पावणेदोन मिनिटांचं, कंपनीला त्यात हिट दिसलं म्हणून ते लांबवायला सांगितलं, थॉर्नने मधे पियानोचा तुकडा घातला आणि जानेवारी १९७९ मध्ये सिंगल बाजारात आलं. वर चढत होतं, बीबीसीच्या टॉप ऑफ द पॉप्समध्ये वाजवायची संधी हाताशी आली होती, आणि नेमका तेव्हाच दुकानांतल्या विक्रीचे आकडे फुगवल्याचा आरोप झाला, ते आकडे धरले गेले नाहीत आणि गाणं ५१ व्या नंबरवर अडकलं. टीव्हीवरचा कार्यक्रम गेला. त्या काळात ब्रिटनमध्ये टॉप ऑफ द पॉप्स हुकणं म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जाणं. मला हे आजही लागतं, कारण त्या एका गाण्याने वायर घराघरात पोचले असते. 'चेअर्स मिसिंग' ४८ नंबरपर्यंत गेला, तिसरा अल्बम ३९ पर्यंत, बस. तोपर्यंत बँडला टीव्ही, व्हिडिओ, नाटकासारखे प्रयोग असं काय काय करायचं होतं, कंपनीला त्यात रस नव्हता, आणि १९८० च्या सुरुवातीला दोघांची फारकत झाली.

प्रश्न : तिसऱ्या अल्बमचं नाव नुसता आकडा का?
(ठाण्याहून)

'१५४'. तोपर्यंत बँडने केलेल्या कार्यक्रमांची संख्या. सप्टेंबर १९७९ मध्ये आला. त्यातल्या एका गाण्याचं नाव तर नकाशावरचे अक्षांश-रेखांश आहेत, ४१ नॉर्थ ९३ वेस्ट, म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली शेतं, विमानातून खाली दिसणाऱ्या चौकोनी जमिनीवरचं गाणं आणि तरीही त्याचा कोरस असा की मान डोलायलाच लागते. या अल्बममध्ये चौघं एकमेकांपासून लांब जाताना ऐकू येतात, न्यूमन गाण्याकडे ओढतोय, गिल्बर्ट आणि लुइस नुसत्या आवाजाकडे, आणि 'अ टचिंग डिस्प्ले' मध्ये तर भिंत कोसळत असल्यासारखा आवाज जवळपास सात मिनिटं चालतो. काही लोकांना हा अल्बम थंड वाटतो. मला तिघांत तोच सगळ्यात जवळचा.

प्रश्न : आमच्याकडे नाटकातल्या पदाला वन्स मोअर द्यायची परंपरा. मी वाचलं की हा बँड जुनी गाणी वाजवायलाच नकार द्यायचा. लोक तिकीट काढून येतात, त्यांचा हा अपमान नाही का?
(नागपूरहून, ज्येष्ठ वाचक)

काका, तुमचा राग मला कळतो आणि लंडनच्या लोकांना पण तो आला होता. २९ फेब्रुवारी १९८० ला इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये वायरचा कार्यक्रम होता, लोक 'वन टू एक्स यू' ची वाट बघत आलेले, आणि स्टेजवर काय, तर कोणी गॅसची शेगडी हातोडीने बडवतोय, डोक्यावर वर्तमानपत्रांचे मुकुट घातलेली माणसं ड्रम वाजवतायत, आणि गाणी जवळजवळ सगळी नवी, कोणी न ऐकलेली. लोक ओरडत होते. ते ओरडणं रेकॉर्डिंगमध्ये पण आहे, कारण बँडने ते काढून न टाकता १९८१ मध्ये रफ ट्रेड या लेबलकडून तोच कार्यक्रम 'डॉक्युमेंट अँड आयविटनेस' नावाने छापला. लोकांचा संताप सुद्धा त्या रेकॉर्डचा भाग झाला. हे मला धाडसाचं वाटतं, ऐकायला सुखाचं अजिबात नाही.

त्यानंतर चार-पाच वर्षं बँड थांबला. न्यूमनने स्वतःचे अल्बम केले, गिल्बर्ट आणि लुइसने डोम नावाने आवाजांचे प्रयोग केले. १९८५ मध्ये चौघं परत एकत्र आले आणि १९८७ च्या अमेरिका दौऱ्यात तुमचाच प्रश्न त्यांच्यापुढे होता, लोकांना पिंक फ्लॅग हवाय आणि आपल्याला तो वाजवायचा नाही. त्यांनी काय केलं तर न्यू जर्सीतल्या होबोकनचा एक बँड सोबत घेतला, एक्स लायन टेमर्स नावाचा, नावच वायरच्या गाण्यावरून ठेवलेलं, पिंक फ्लॅग अख्खा वाजवणारी पोरं ती. त्यांच्या ड्रमवर जिम डेरोगॅटिस होता, पुढे अमेरिकेतला नावाजलेला रॉक समीक्षक झाला तो. रोज आधी ही मुलं जुनी गाणी वाजवणार, मग खरे वायर येऊन फक्त नवं वाजवणार. लोकांना जुनं पण मिळालं आणि बँडला त्यात अडकून पडावं लागलं नाही.

वन्स मोअर मलाही आवडतो, पण तिथे गायक तीच जागा दुसऱ्यांदा वेगळी घेतो म्हणून ना? वायरचं म्हणणं एवढंच होतं की पिंक फ्लॅगमध्ये त्यांना आता नवीन काही सापडत नव्हतं, आणि सापडत नसताना नुसतं हुबेहूब वाजवून दाखवणं हेच त्यांना लोकांना फसवल्यासारखं वाटत होतं. पुढे वय वाढल्यावर जुनी गाणी त्यांच्या कार्यक्रमात परत आली सुद्धा, पण थोडी, आणि नव्यांच्या मधे बसवून.

प्रश्न : रेकॉर्ड खपल्या नाहीत म्हणता, मग एवढे बँड प्रभावित झाले कसे? जरा नावं द्या, नुसतं मोघम नको.
(औरंगाबादहून, आता छत्रपती संभाजीनगर, एक वाचक)

नावं देते. खपल्या कमी, पण ज्यांनी घेतल्या त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात गिटार होती.

कॅलिफोर्नियात सॅन पेड्रो नावाचं बंदराचं गाव आहे, तिथे माइक वॉट आणि डी. बून ही दोन कामगार घरांतली पोरं. त्यांनी पिंक फ्लॅग ऐकला आणि त्यांना कळलं की गाण्याला कडवं-कोरस-कडवं हा साचा असलाच पाहिजे असं काही नाही. वॉट हे गेली कित्येक वर्षं जो भेटेल त्याला सांगतोय. त्यांचा मिनटमेन हा बँड, १९८१ मधला त्यांचा 'द पंच लाइन' १८ गाण्यांचा आणि १५ मिनिटांचा, आणि १९८४ मध्ये त्यांनी चाळीसहून जास्त गाण्यांचा डबल अल्बम काढला. त्यांचं वाजवणं वायरसारखं मुळीच नाही, फंक आहे, जॅझ आहे, राजकारण आहे. म्हणूनच मी याला खरा प्रभाव म्हणते. नक्कल केली नाही, मोकळीक घेतली.

वॉशिंग्टनमध्ये मायनर थ्रेटने 'वन टू एक्स यू' वाजवलं, १९८२ सालच्या हार्डकोर, म्हणजे अजून वेगवान नि कडक पंकच्या, संग्रहात आहे ते, आणि त्या गाण्याचा वेग नि तुटकपणा ऐकला की अमेरिकन हार्डकोरला हा रस्ता कोणी दाखवला ते लगेच कळतं. शिकागोच्या बिग ब्लॅकने 'हार्टबीट' घेतलं, मूळ गाणं अगदी हळू, श्वास रोखून चढत जाणारं, बिग ब्लॅकने त्याचं यंत्र करून टाकलं. आर.ई.एम. ने १९८७ च्या 'डॉक्युमेंट' या अल्बमवर 'स्ट्रेंज' वाजवलं, आणि तो अल्बम अमेरिकेत तुफान चालला, म्हणजे वायरचं नावही ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांच्या घरी वायरचं गाणं पोचलं.

इंग्लंडमध्ये द क्युअरला १९७८ मध्ये वायरच्या आधी वाजवायला मिळालं, तेव्हा ते तीन पोरांचं साधं, टापटीप पॉप-पंक वाजवत होते. त्यांच्या रॉबर्ट स्मिथने नंतर सांगितलंय की त्या रात्री वायरला बघून आपण कुठल्या दिशेला जायचं ते बदललं. १९८० चा 'सेव्हन्टीन सेकंड्स' ऐका, ती रिकामी जागा, ते मोजकं वाजवणं, लगेच पटेल. माय ब्लडी व्हॅलेंटाइनने १९९६ च्या वायरवरच्या ट्रिब्यूट अल्बमसाठी ते नकाशावालं गाणं केलं, न्यूयॉर्कच्या फिशरस्पूनरने 'द फिफ्टीन्थ' ची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती केली आणि ती क्लबांत चालली. हार्डकोरवाले, गिटारच्या ढगात हरवलेले आणि डान्सवाले, तिघांनीही एकाच बँडकडून घ्यावं असं फारसं होत नाही. प्रत्येकाने वेगळं गाणं उचललंय हेही बघा.

प्रश्न : इलॅस्टिकाने वायरची सरळसरळ चोरी केली असं म्हणतात. तुमचं मत?
(अंधेरीहून)

इलॅस्टिका या इंग्लिश बँडचं 'कनेक्शन' १९९४ मध्ये आलं, त्याची सुरुवात 'थ्री गर्ल रम्बा' ची आहे यात वाद नाही, कोणालाही ऐकवा, दहा सेकंदांत ओळखेल. त्यांचं 'लाइन अप' आणि वायरचं 'आय अ‍ॅम द फ्लाय' यांत पण तसंच साम्य निघालं. प्रकरण वकिलांकडे गेलं आणि कोर्टाबाहेर पैसे देऊन मिटलं. मला विचाराल तर नाव आणि वाटा आधीच द्यायला हवा होता, गाण्यावर पहिल्या दिवसापासून क्रेडिट लिहिलं असतं तर कोणाचंच काही गेलं नसतं. पण 'कनेक्शन' हे फालतू गाणं नाही, जस्टिन फ्रिशमनचा आवाज त्याला स्वतःचा तोरा देतो, आणि त्या वर्षी हजारो पोरापोरींनी वायरचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते या भांडणामुळेच. दोन्ही गाणी एकामागोमाग लावून ऐका आणि 'कनेक्शन' त्या रिफवर पुढे काय काय रचतं ते बघा, वायर ती तशीच उघडी ठेवून निघून जातात. माझं मन अजूनही वायरच्या बाजूचं आहे.

प्रश्न : बँड अजून आहे का? मूळचेच लोक?
(पणजीहून)

मूळचे तिघं. मधला इतिहास थोडक्यात सांगते. १९८६ पासून म्यूट लेबलवर आले, 'अहेड', 'किडनी बिंगोज', 'इअरड्रम बझ' ही त्या काळातली चांगली गाणी, पण यंत्रं एवढी वाढली की ड्रमरला काम उरलं नाही आणि १९९० मध्ये गोटोबेड बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी नावातलं एक अक्षर कमी केलं आणि 'विर' म्हणून १९९१ मध्ये एक अल्बम काढला. २००० मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये चौघं पुन्हा स्टेजवर, २००३ मध्ये 'सेंड', स्वतःच्या लेबलवर, आणि तो एवढा आक्रमक आहे की पन्नाशीच्या माणसांनी केलाय हे खरं वाटत नाही. २००४ मध्ये गिल्बर्टने बँड सोडला. २०१० पासून मॅथ्यू सिम्स हा बराच तरुण गिटारवाला आला. २०१३ चा 'चेंज बिकम्स अस' मला फार आवडतो, १९८० च्या आसपासचे जे तुकडे कधी नीट रेकॉर्डच झाले नव्हते ते घेऊन त्यातून नवी गाणी केली, त्यात तेव्हा लोकांनी ज्यावर आरडाओरडा केला ते पण आहेत. २०२० मध्ये 'माइंड हाइव्ह' आला. तो ऐकायला जुनं काही माहीत असायची गरज नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे आणि सेकंडहँड ड्रमसेट घेतलाय. त्यात फक्त बास ड्रम, स्नेअर आणि हायहॅट आहे, मोठे सिंबल घ्यायला पैसे नाहीत. मित्र म्हणतात असल्या सेटवर काही होत नाही. वायरच्या ड्रमरबद्दल काही सांगाल?
(साताऱ्याहून)

तुझ्या सेटवर सगळं होतं. रॉबर्ट गोटोबेड, हल्ली तो रॉबर्ट ग्रे नाव लावतो, त्याने नेमकं हेच केलं. बँड सुरू झाला तेव्हा तो शिकाऊ होता, मोठं काही वाजवता येत नव्हतं म्हणून साधं वाजवायचा, आणि पुढे येऊ लागल्यावर सुद्धा साधंच ठेवलं. ऐंशीच्या दशकात तर त्याने सेट अजून कमी केला, बास ड्रम, स्नेअर, हायहॅट, झालं. रोल नाही, गाण्याच्या प्रत्येक वळणावर धाडकन सिंबल नाही. त्यामुळे गिटारला जागा मिळते आणि एखादा ठोका कमी-जास्त झाला तर तो लगेच जाणवतो.

तू असं कर. १९८६ चं 'ड्रिल' लाव. एकच ठोका, 'डगा डगा डगा' असा, बँडवाले स्वतः त्याला तेच म्हणायचे, आणि त्या एकाच ठोक्यावर त्यांनी पुढे १९९१ मध्ये अख्खा अल्बम केला, त्याच गाण्याची वेगवेगळी रूपं. त्याच्याबरोबर पाच मिनिटं वाजव. एकही फिल घ्यायचा नाही, जोर वाढवायचा नाही, वेग वाढू द्यायचा नाही. दुसऱ्या मिनिटाला हात वळवळायला लागतील, काहीतरी घालावंसं वाटेल, घालू नकोस. मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि सुरुवातीचे नि शेवटचे दहा सेकंद शेजारी शेजारी ऐक, वेग सरकलाय का बघ. सरकलाच असेल, सगळ्यांचा सरकतो. मग मेट्रोनोम लावून थोडं हळू परत. हे जमलं की 'थ्री गर्ल रम्बा' घे, तिथे थांबे आहेत, आणि थांब्यात हात वर धरून गप्प राहणं हे वाजवण्यापेक्षा अवघड. महिन्याभराने तुमच्या गिटारवाल्याला सोबत बसव आणि कसं झालं ते मला कळव, पुढच्या अंकांत ड्रमवर लिहायचंच आहे.